विषय : ग्रंथालयाच्या अनुदानाबाबत

ग्रंथालयाच्या विरोधात बोलणारा माणूस रायगड जिल्ह्यात शोधून सापडणार नाही. रस्त्याला विरोध होतो, कारण कोणाची तरी जागा जाते. देवळाच्या सभामंडपाला होतो. तो देवाला नसतो, ठेकेदाराला असतो. एसईझेडला तर आमच्या पेण तालुक्यात एवढा झाला की 2008 साली 22 गावांत सरकारला चक्क मतदान घ्यावं लागलं. ग्रंथालय म्हटलं की मात्र सगळ्यांचे चेहरे सत्यनारायणाला आल्यासारखे सात्त्विक होतात. "वा, चांगलं काम आहे, चालू द्या," म्हणतात आणि चपला घालून निघतात.

घोडं पेंड खातं ते इथेच. विरोध नाही म्हणून मोर्चा नाही, मोर्चा नाही म्हणून बंदोबस्त नाही, बंदोबस्त नाही म्हणून बातमी नाही. आणि बातमीच नाही तर आमदारांच्या पीएला विषय कळणार कुठून? ज्याला सगळ्यांचा पाठिंबा त्याला कोणी वाली नाही. म्हणून आम्ही पत्र लिहितो. दर वर्षी, बजेटच्या आधी, मंडळाच्या लेटरहेडवर, जावक क्रमांक टाकून.

आमच्या गावाचं नाव सांगत नाही. पेणहून रिक्षाने जाता येतं आणि गावातून महामार्गाचं काम दिसतं, एवढी खूण पुरे. अर्थात मुंबई-गोवा महामार्गाचं काम पळस्प्याच्या पुढे कुठूनही दिसतं, 2011 पासून दिसतंय, तेव्हा ही खूणही फारशी कामाची नाही. ग्रंथालय म्हणजे ग्रामपंचायतीच्या जुन्या इमारतीतली दीड खोली. अर्ध्या खोलीत पुस्तकं, एका खोलीत वर्तमानपत्रांचं टेबल. मंडळावर चार माणसं कामाची. अध्यक्षांना सगळे भाऊ म्हणतात. ते सही करतात. सेक्रेटरी निवृत्त मुख्याध्यापक, म्हणून गुरुजी. खजिनदारांची पोह्याची गिरण आहे, म्हणून शेठ. ग्रंथपाल ताई. मी मजकूर वाचून ‘ठीक आहे’ म्हणण्यासाठी आहे.

अर्ज लिहिणं पेणकरांना कोणी शिकवायला नको. 2010 साली अर्बन बँक बुडाली तेव्हापासून इथल्या घराघरांत ‘महोदय’ आणि ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ बिनचूक लिहिणारी माणसं तयार झाली आहेत. पण ठेव बुडालेल्या माणसाच्या अर्जात जो जीव असतो तो ग्रंथालयाच्या अर्जात आणायचा कसा, हा प्रश्न आहे. आमच्या गुरुजींनी तो नालंदापासून सोडवायला घेतला.

मसुदा वाचायला सभा बसली ती ‘शांतता राखा’ या पाटीखाली. गुरुजींच्या मसुद्याचं पहिलं पान भारतीय परंपरेतलं ग्रंथांचं स्थान या विषयावर होतं. दुसऱ्या पानावर नालंदा जळलं. तिसऱ्या पानाच्या तळाशी, ‘तरी’ या शब्दानंतर, अनुदान आलं.

"गुरुजी," शेठ म्हणाले, "नालंदा जळलं त्याला आमदार जबाबदार नाहीत. आपलं छप्पर गळतंय ते लिहा."

"पार्श्वभूमी लागते."

"पीए पहिल्या तीन ओळी वाचतो. तिथे पार्श्वभूमी आली की तो फाइल मागच्या बाजूला ठेवतो."

मग विनोबांचा प्रश्न निघाला. विनोबांचं गागोदं पेण तालुक्यातलं. त्यामुळे पेणहून निघणाऱ्या कुठल्याही अर्जात, विषय गटाराचा असला तरी, विनोबा येतातच. गुरुजींना ते पहिल्याच परिच्छेदात हवे होते. ताई हळूच म्हणाल्या, "पण विनोबांनी तर स्वतःची सर्टिफिकेटं जाळली होती ना?" गुरुजी म्हणाले, "सर्टिफिकेटं जाळली. पुस्तकं नाही." यावर कोणाला काही सुचलं नाही आणि विनोबा राहिले.

खरा तंटा आकड्यावर झाला. शेठ म्हणत होते, मागायचं तर आकडा टाका. गुरुजी म्हणत होते, विद्येच्या व्यवहारात आकडा टाकणं शोभत नाही, ‘भरीव वाढ’ म्हणावं. "भरीव म्हणजे किती?" शेठनी विचारलं. "ते शासनाने ठरवायचं." "शासनाने ठरवलेलंच तर आपल्याला मिळतंय!"

काय मिळतंय ते ताईंनी सांगितलं. आमचं ग्रंथालय ‘ड’ वर्गात. सरकारी वर्गवारीत अ, ब, क, ड असे चार वर्ग. पुस्तकं किती, सभासद किती, नियतकालिकं किती, ग्रंथालय उघडं किती वेळ, यावर वर्ग ठरतो. ‘ड’ला 2012 पासून अनुदान होतं वर्षाला 30,000 रुपये. त्यातले निम्मे पगाराला, आणि उरलेल्या निम्म्यात नवी पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीजबिल, केरसुणी आणि ऑडिटरची फी. शेठनी खिशातला कॅल्क्युलेटर न काढताच सांगितलं, "म्हणजे ग्रंथपालाला महिना साडेबाराशे." गिरणीत पोहे पाखडणाऱ्या बाया याच्यापेक्षा किती जास्त नेतात ते ते सांगणार होते, पण ताई समोर बसल्या होत्या म्हणून त्यांनी ते पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं.

ही स्थिती दहा वर्षं टिकली. मग एका सकाळी पेपरात मथळा आला की ग्रंथालयांच्या अनुदानात 60 टक्के वाढ. ताईंच्या सासूबाईंनी शेजारी पेढे वाटायचे का म्हणून विचारलं. साडेबाराशेचे 60 टक्के वाढवून दोन हजार होतात, हे ताईंनी त्यांना कागदावर करून दाखवलं. साठ टक्के हा आकडा मोठाच आहे; फक्त तो कशावर बसवला आहे ते पाहायचं नसतं. आणि वर्ग बदलून ‘क’मध्ये जावं म्हटलं, तर 2012 साली राज्यभरच्या ग्रंथालयांची पडताळणी झाली त्यानंतर दर्जावाढ हे प्रकरण वर्षानुवर्षं अडकून राहिलं. एवढी वर्षं एकाच वर्गात बसलेला विद्यार्थी गुरुजींनीसुद्धा आपल्या नोकरीत पाहिला नव्हता.

वाचकाला वाटेल, ग्रंथालयासारख्या गोष्टीसाठी दर वर्षी हात का पसरायचे, काही कायदा वगैरे नाही का? आहे. चांगला 1967 सालचा आहे. कोल्हापूर संस्थानाने तर 1945 सालीच कायदा केला होता. पण आपल्या कायद्यात एक गंमत आहे. मद्रासने 1948 साली कायदा केला तेव्हा घरपट्टीवरच ग्रंथालयाचा उपकर बसवला. घर बांधलंत की ग्रंथालयाचे पैसे आपोआप. आपण तसं काही केलं नाही. आपल्या शहरांतल्या घरपट्टीच्या बिलावर शिक्षण कर असतो, वृक्ष कर असतो. झाडाला कर आहे, झाडाचा कागद होऊन त्याचं पुस्तक झालं की कर संपला. त्याऐवजी आपल्या कायद्याने सरकारवर बंधन घातलं, की ग्रंथालय निधीत दर वर्षी किमान 25 लाख रुपये द्यावेत. सबंध राज्याला. राज्यातली मान्यताप्राप्त ग्रंथालयं ढोबळमानाने बारा हजार धरा. शेठनी हा भागाकार लगेच केला: प्रत्येकी दोनशे आठ रुपये तेहतीस पैसे. सरकार प्रत्यक्षात शंभर कोटींच्या पुढे देतं, हे मान्य करायला हवं. पण कायद्याने त्याला बांधलंय ते दोनशे आठ रुपयांना. वरचं सगळं खुशीचं. आणि खुशीच्या पैशासाठी पत्र लिहावं लागतं, ही जगरहाटी आहे.

समित्याही झाल्या. व्यंकप्पा पत्की समिती झाली, प्रभा राव समिती झाली. कर्मचाऱ्यांना वेतनश्रेणी द्या म्हणून ग्रंथालयवाले अजून या समित्यांची नावं घेऊन नागपूरच्या अधिवेशनावर मोर्चे नेतात. ग्रंथालयावरचे अहवाल ग्रंथालयातच ठेवून द्यावेत, याइतकी उचित जागा दुसरी नसेल.

हे सगळं मी रोह्याला माझ्या मेहुण्याला फोनवर सांगत होतो. तो तिकडच्या एका ग्रंथालयाच्या मंडळावर आहे. पूर्ण ऐकून घेऊन तो म्हणाला, "भाऊजी, तुमचं बरं आहे. तुम्हाला आमदार एकच आहे."

मला आधी कळलं नाही. मग त्याने नकाशा समजावला. रोहा हा असा भाग्यवान तालुका, की मतदारसंघांच्या फेररचनेत त्याचे विधानसभेसाठी तुकडे झाले. एक तुकडा आमच्याबरोबर पेण-सुधागडला, एक अलिबाग-मुरूडला, एक श्रीवर्धनला. मेहुण्याच्या मंडळाने ठरवलं की कोणालाही वाईट वाटायला नको, तिघांनाही पत्र द्यायचं. पण मजकुरात ‘आपल्या मतदारसंघातील आमचे ग्रंथालय’ हे शब्द तिघांनाही कसे लिहिणार? एका सभासदाने तोड सुचवली, की ‘आपल्या मतदारसंघातील आमचे वाचक’ असं लिहावं. मग वाचकांची मतदारसंघवार यादी करायची टूम निघाली. त्या यादीत असं निघालं, की एका भागातल्या वाचकांना रहस्यकथा जास्त लागतात, दुसऱ्या भागातले दिवाळी अंक परत करत नाहीत आणि तिसऱ्या भागातला एकच वाचक आहे, पण तो नियमित वर्गणी भरतो. आता दिवाळी अंक परत न करणाऱ्यांच्या आमदाराकडे कोणत्या तोंडाने जायचं?

"खासदार एकच आहेत ना?" मी विचारलं.

"ते आहेत एकच. तुमचे आमचे दोघांचे. शिवाय पदवीधरांचे आमदार, शिक्षकांचे आमदार. भाऊजी, झेरॉक्सचाच खर्च वर्गणीच्या वर जायला लागलाय."

रोहेकरांचा या बाबतीतला हात पूर्वी फार वर पोचलेला होता, हे मात्र सांगायला हवं. चिंतामणराव देशमुख मूळचे या मातीतले, रोह्याशी नातं जपणारे. 1952 साली ते लोकसभेवर निवडून गेले ते कुलाब्यातून, म्हणजे आत्ताच्या रायगडातून. आणि होते देशाचे अर्थमंत्री. म्हणजे त्या काळी रोह्याच्या माणसाने ग्रंथालयाच्या पैशासाठी आपल्या खासदाराला पत्र लिहिलं असतं, तर ते सरळ तिजोरीच्या किल्ल्या असलेल्या माणसाच्याच हातात पडलं असतं. तेही संस्कृतचा व्यासंग असलेल्या, मेघदूत मराठीत आणणाऱ्या माणसाच्या. कुठलीही शिफारस नाही, कुठलंही ‘तपासून सादर करावे’ नाही. 1956 साली मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी राजीनामा दिला. महाराष्ट्राने त्यांचा स्वाभिमान पाहिला. ग्रंथालयांच्या जमाखर्चाकडे पाहायला मात्र कोणाला सवड झाली नसावी.

आणखी एक रोहेकर म्हणजे पांडुरंगशास्त्री आठवले. मुंबईच्या टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात ते चौदा वर्षं वाचत बसत, असं सांगतात. योगायोग असा, की आपल्या राज्याच्या ग्रंथालय संचालनालयाचा पत्ताही तोच, टाउन हॉल, फोर्ट. रोह्याचा माणूस जिथे चौदा वर्षं बसला तिथे आता आमचे अर्ज बसतात. त्यांना अजून चौदा झाली नाहीत, एवढंच.

तर आमदारांना पत्र दिल्यावर पुढे काय होतं, हेही सांगून ठेवतो. उत्तम गेलं तर त्यातून तारांकित प्रश्न होतो. विधानसभेतल्या प्रश्नाची भाषा ज्याने घडवली त्याला माझा साष्टांग नमस्कार. ती अशी चालते. एक, अमुक तालुक्यातील ग्रंथालयाचे छत गळत आहे, हे खरे आहे काय? दोन, असल्यास, त्यामुळे चरित्र विभाग भिजला, हेही खरे आहे काय? तीन, असल्यास, याबाबत चौकशी करून शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? चार, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? आणि खाली उत्तरं. एक, हे अंशतः खरे आहे. दोन, नाही. तीन व चार, प्रश्न उद्भवत नाही.

‘अंशतः खरे आहे’ हे उत्तर मला मनापासून आवडतं. आमचं छत खरोखरच अंशतः गळतं. चरित्रांवर गळतं, कादंबऱ्यांवर गळत नाही. मागच्या पावसाळ्यात ताईंनी तीन थोर पुरुष दोरीवर वाळत घातले होते. चिमटे घरून आणले होते.

तारांकित प्रश्न नाही झाला तर शिफारसपत्र मिळतं. साहेबांच्या लेटरहेडवर दोन ओळी, शेवटी ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’. हे पत्र मंत्र्यांकडे जातं, तिथे त्यावर हिरव्या शाईत शेरा पडतो, तो घेऊन ते खाली येतं, अलिबागच्या जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे, आणि तिथून आमच्याकडे, ‘आपले म्हणणे सात दिवसांत सादर करावे’ म्हणून. आमचंच म्हणणं आम्हाला परत विचारलं जातं. गुरुजी मग तोच मसुदा नव्या तारखेने पाठवतात. या सगळ्यात हाताला लागते ती पोच. आपल्या प्रतीवर आवक विभागाचा गोल शिक्का, त्यात तारीख, त्यावर कोणाची तरी कोंबडीच्या पायासारखी सही. गुरुजींच्या फायलीत या पोचा सालवार लावलेल्या आहेत. आमच्या ग्रंथालयात विज्ञान विभागापेक्षा पोच विभाग समृद्ध आहे.

मसुद्याच्या त्या सभेतच मी अमेरिकेतल्या ट्रॉय गावची गोष्ट सांगितली. मिशिगन राज्यातलं हे गाव. 1971 साली तिथे नवीन ग्रंथालय झालं तेव्हा बालविभागाच्या ग्रंथपाल मार्गरीट हार्ट यांनी जगभरच्या नामांकित लोकांना पत्रं लिहिली, की आमच्या मुलांना ग्रंथालयाबद्दल चार ओळी लिहून पाठवा. 97 पत्रं आली. चंद्रावर जाऊन आलेल्या नील आर्मस्ट्राँगचं आलं, आयझॅक असिमोव्हचं आलं.

"97 पोचा?" गुरुजींनी विचारलं.

"पोचा नाही. उत्तरं."

"सही-शिक्क्यानिशी?"

गुरुजींना शिक्का नसलेलं उत्तर म्हणजे उत्तर वाटत नाही. आमच्या ताईंनी अशी पत्रं लिहिली तर काय होईल याचा आम्ही विचार केला. मोबाइलवर गुलाबाच्या चित्रावर लिहिलेल्या 97 शुभेच्छा येतील, आणि त्यातल्या निम्म्या गुरुपौर्णिमेच्या असतील, असं ताईंचं मत पडलं.

ट्रॉयची पुढची गोष्ट आणखी भारी आहे. 2011 साली त्याच ग्रंथालयाला पैसे कमी पडले आणि थोडी करवाढ करावी की ते बंद करावं, यावर गावात मतदान लागलं. करवाढीच्या विरोधकांचा जोर होता. तेव्हा ग्रंथालयाच्या बाजूच्या काही डोकेबाज मंडळींनी उलटाच प्रचार केला: ग्रंथालय बंद करण्याच्या बाजूने मत द्या, मग आपण पुस्तकं जाळण्याची पार्टी करू! गावभर पाट्या लावल्या. लोक असे भडकले की ग्रंथालयाच्या बाजूने मतं पडली आणि ते वाचलं.

शेठना ही कल्पना पसंत पडली. "आपणही लावू पाटी. पुस्तकांची होळी, अमुक तारखेला, ग्रामपंचायतीसमोर."

"शेठ, हे कोकण आहे," ताई म्हणाल्या. "शिमग्याला पोरं लोकांच्या वाड्यांतली लाकडं, मोडके दरवाजे, बैलगाडीचं जू उचलून नेतात. पाटी लावलीत तर भडकणार कोणी नाही. रात्रीतून कपाटासकट नेतील."

भाऊ पहिल्यांदाच बोलले. म्हणाले, "आणि नाही जाळली तर हमरापूरच्या गणपती कारखान्यांत नेऊन लगदा करतील. कागदाच्या गणपतीला मागणी आहे." भाऊ अध्यक्ष का आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

पत्र शेवटी तयार झालं. नालंदा गेलं, विनोबा राहिले, आकडा गुरुजींनी घालू दिला नाही. अनुदानाचे दोन्ही हप्ते वेळेवर मिळावेत, भरीव वाढ व्हावी, दर्जावाढ सुरू व्हावी आणि छपराला काहीतरी मिळावं, अशा मागण्या. आता ते द्यायचं कुठे? ऑफिसात गेलो तर साहेब मतदारसंघात असतात. मतदारसंघात शोधलं तर साहेब मुंबईला असतात. आमदार भेटण्याची खात्रीची जागा आमच्याकडे एकच, ती म्हणजे लग्न. तिथे ते येतातच, कारण लग्नाला न आलेला आमदार पुढच्या वेळी निवडून आलेला कोणी पाहिलेला नाही. वडखळजवळच्या एका हॉलात हमरापूरच्या एका गणपती कारखानदाराच्या मुलाचं लग्न होतं, आणि गुरुजी नवऱ्या मुलाचे जुने मुख्याध्यापक. मुहूर्त ठरला.

शेठनी पाकिटं पुरवली. त्यांच्याकडे गणपतीछाप लाल पाकिटांचा गठ्ठा पडून असतो. एकात गुरुजींचा पाचशे एक रुपयांचा आहेर, दुसऱ्यात चार घड्या घातलेलं पत्र. दोन्ही गुरुजींच्या एकाच खिशात. हॉलमध्ये बँजो एवढ्या जोरात वाजत होता की शेजारच्याला आपलं नावही सांगता येत नव्हतं. साहेब आले, स्टेजवर एकच गर्दी उसळली, गुरुजी धोतर सावरत रेटारेटीत शिरले, साहेबांच्या हातात एक पाकीट दिलं, नवऱ्याच्या हातात एक दिलं, फोटो निघाला आणि ते जेवायला बसले. जिलबीपर्यंत सगळं व्यवस्थित होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठना ऑफिसातून फोन आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पीए विचारत होता, "तुमच्या गुरुजींनी साहेबांना पाचशे एक रुपये दिलेत. साहेब विचारतायत, कशाबद्दल? असलं आम्ही घेत नाही. पैसे घेऊन जा आणि काय काम आहे ते पत्र घेऊन या."

शेठ मला नंतर म्हणाले, पोह्याच्या धंद्यात तीस वर्षं काढली, पण पाचशे एक रुपयांत एवढं लक्ष वेधून घेता येतं हे माहीत नव्हतं.

दुसरी प्रत टाइप करून देता आली असती. पण भाऊ लेकीकडे ठाण्याला गेलेले, मूळ पत्रावर त्यांची सही, मंडळाचा शिक्का आणि जावक क्रमांक. आणि जावक क्रमांक एकदा पडला की गुरुजी तो दुसऱ्या कागदाला देत नाहीत. तेव्हा शेठ, गुरुजी आणि मी हमरापूरला गेलो. कारखान्यात ओळीने बिनरंगाच्या मूर्ती सुकत होत्या. वरबाप एका स्टुलावर बसून आहेराची वही जमवत होते. अशा वह्या फार काटेकोर असतात. ज्याचं जेवढं आलं त्याचं तेवढं, त्याच्या घरच्या कार्यात परत करायचं असतं.

त्यांनी बोट फिरवत आमची ओळ काढली. पाचशे एक, हजार एक, पातेलं, पाचशे एक यांच्या मध्ये स्वच्छ अक्षरांत नोंद होती: ‘ग्रंथालयवाले गुरुजी — कागद 1’.

"मी म्हटलं गुरुजींनी आशीर्वाद लिहून दिला असेल," ते म्हणाले. "तुमच्याकडे कार्य कधी आहे ते सांगा. आपण कोणाचं ठेवत नाही."

गुरुजींनी घसा साफ करून सांगितलं की हा आशीर्वाद नव्हे, अनुदानवाढीचा विनंती अर्ज आहे. वरबापांनी तो घड्या उलगडून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. आमच्या पत्राच्या वाट्याला आलेला असा हा पहिलाच वाचक असावा. विनोबांपाशी थांबून त्यांनी मान हलवली, छपरापाशी पुन्हा थांबले.

"म्हणजे तुम्ही देत नाही आहात, मागताय," ते म्हणाले. "मग हे जमेला कसं धरलं मी?"

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, आमची ओळ आडवी खोडली, चार पानं उलटून खर्चाच्या बाजूला मंडपवाला, बँजोवाला आणि भटजी यांच्या खाली ‘ग्रंथालय, छप्पर’ असं लिहिलं आणि रकमेच्या रकान्यावर पेन्सिल टेकवून गुरुजींकडे पाहिलं.

"किती लिहू?"

गुरुजी म्हणाले, "भरीव."

शेठनी गुरुजींच्या हातून पत्र काढून घेतलं आणि स्टूल ओढून वरबापांच्या शेजारी बसले.